खाली बसवलेली पोलो, १७ इंची अलॉय आणि घासणारा टायर : साताऱ्यातलं एक प्रकरण

गाडी २०१४ सालची पेट्रोल पोलो, एमएच ११ पासिंग. कंपनीचा टायर १८५/६० आर१५ ८४एच (रुंदी १८५ मिमी, साइडवॉल म्हणजे टायरची बाजूची भिंत रुंदीच्या ६० टक्के, रिम १५ इंची), रिम ६ इंच रुंद, ऑफसेट ४०. मालकाने ४० मिमी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा टाकल्या आणि वापरलेली १७ इंची अलॉय घेतली: ७.५ इंच रुंद, ऑफसेट ३५, टायर २०५/४५ आर१७ ८८ एक्सएल (जास्त भार पेलणारा). गाडी रोज पोवई नाका ते एमआयडीसी जाते, सुट्टीच्या दिवशी चार-पाच माणसं घेऊन यवतेश्वर घाट चढून कासकडे, आणि महिन्यातून एक-दोनदा खंबाटकी ओलांडून पुण्याला.

तक्रारी चार होत्या. मागे तीन माणसं बसली की खड्ड्यात आणि घाटातल्या वळणावर मागचा टायर फेंडरच्या आतल्या पट्टीला घासायचा. त्याने टायरच्या बाहेरच्या खांद्यावर गोल चर पडला होता. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी उंचवट्यावर चढवली की पुढचा टायर प्लॅस्टिकच्या लायनरला लागायचा. ताशी ८५ ते ९५ च्या दरम्यान स्टिअरिंग थरथरायचं. आणि पुढच्या डाव्या टायरच्या साइडवॉलला फुगा आला होता.

टायरच्या दुकानात यावर एकच उत्तर मिळालं होतं: २१५/४० आर१७ टाका, माप कंपनीच्या टायरशी तंतोतंत जुळतं. व्यास तंतोतंत जुळतो, हे खरं आहे. पण त्याने यातली एकही तक्रार मिटणार नव्हती, दोन वाढणार होत्या. तक्त्यातून टायर निवडण्याची पद्धत खाली बसवलेल्या गाडीला का पुरत नाही, हे या उदाहरणात स्वच्छ दिसतं.

व्यासाचा हिशोब, आणि तो कुठे संपतो

टायरचा व्यास काढणं सोपं आहे. रुंदीला टक्केवारीने गुणा, ती साइडवॉलची उंची. तिची दुप्पट करून रिमच्या व्यासात मिळवा. १८५/६० आर१५ ची साइडवॉल १११ मिमी, व्यास ६०३. २०५/४५ आर१७ ची साइडवॉल ९२, व्यास ६१६, म्हणजे मूळच्यापेक्षा सव्वादोन टक्के जास्त. २१५/४० आर१७ चा व्यास ६०४, पण साइडवॉल फक्त ८६.

व्यास ३ टक्क्यांच्या आत ठेवा, हा प्रचलित नियम स्पीडोमीटर, एबीएस आणि गिअरिंगसाठी चांगला आहे. व्यास वाढला की काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवण्याकडे झुकतो, म्हणून वाढीच्या बाजूला जास्त जपायचं. मात्र हा नियम एवढंच सांगतो की टायर एका फेऱ्यात किती अंतर कापतो. तो टायर फेंडरच्या पट्टीपासून किती दूर आहे, शॉकअब्झॉर्बरपासून किती दूर आहे, हे व्यासात कुठेच नसतं. त्यासाठी रिमची रुंदी आणि ऑफसेट लागतो.

ऑफसेट म्हणजे रिमची मधली रेषा आणि हबला (चाक ज्यावर बसतं तो भाग) टेकणारा पृष्ठभाग यांतलं अंतर. आकडा जितका लहान, तितकं चाक बाहेर. टायरची बाहेरची कड हबच्या पृष्ठभागापासून किती बाहेर येते, हे काढायला टायरच्या प्रत्यक्ष रुंदीचा अर्धा भाग घ्यायचा आणि त्यातून ऑफसेट वजा करायचा. आत किती जाते ते काढायला मिळवायचा.

प्रत्यक्ष रुंदी हा शब्द इथे महत्त्वाचा. टायरवर लिहिलेली रुंदी ठरावीक मापाच्या रिमवरची, तीही ढोबळ असते. रिम अर्धा इंच रुंद झाली की टायर साधारण ५ मिमी फुगतो. १८५/६० आर१५ हा ५.५ इंची रिमवर १८९ मिमी भरतो, म्हणजे ६ इंचीवर १९४. अर्धे ९७, वजा ४०: कंपनीचा टायर हबपासून ५७ मिमी बाहेर आणि १३७ मिमी आत होता. २०५/४५ आर१७ हा ७ इंची रिमवर २०६, ७.५ वर २११. अर्धे १०५.५, वजा ३५: बाहेर ७०.५, आत १४०.५. म्हणजे टायर बाहेरच्या बाजूला साडेतेरा मिमी सरकला आणि त्रिज्येने साडेसहा मिमी वाढला. आता २१५/४० घाला: ७.५ इंचीवर तो २१८ भरतो, बाहेर ७४. घासणाऱ्या पट्टीकडे तो आणखी साडेतीन मिमी जातो, आणि फुगा आलेल्या साइडवॉलमधून ६ मिमी कमी होतात.

ऑफसेटचा (ईटी) आकडा रिमच्या पाठीवर कोरलेला असतो, पण वापरलेल्या, रंगवलेल्या किंवा आतून घासून घेतलेल्या रिमवर त्याच्यावर विसंबू नये. रिम पालथी घालून कडेवर सरळ पट्टी आडवी ठेवायची आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंत खोली मोजायची. ७.५ इंची रिमची कडांसकट एकूण रुंदी ८.५ इंच, म्हणजे २१६ मिमी. निम्मे १०८ अधिक ३५, मिळून १४३ आले पाहिजेत. या रिमचे १४३ च आले, चारही. कधीकधी चारांत दोन वेगळ्या निघतात, म्हणून चारही मोजायच्या.

घासण्याचं खरं कारण

गाडी खाली बसवली म्हणून टायर घासतो, असं सगळे म्हणतात. हे अर्धंच खरं आहे, आणि इथे चुकलं की पुढचा सगळा खर्च चुकतो.

चाक वर किती जाऊ शकतं, हे स्प्रिंग ठरवत नाही. बंप स्टॉप ठरवतो. शॉकच्या दांड्यावर बसलेला तो फोमचा ठोकळा दबून संपला की चाक थांबलं. बंप स्टॉप मूळचाच असेल तर ४० मिमी खाली बसवलेल्या गाडीचं चाक जास्तीत जास्त तिथेच पोचतं, जिथे मूळ उंचीच्या गाडीचं पोचत होतं. फरक एवढाच की मूळ गाडी तिथे वर्षातून एखाद्या वेळी पोचते आणि खाली बसवलेली गाडी रोज पोचते.

या गाडीत चारही बंप स्टॉप निम्म्याहून जास्त कापलेले निघाले. हे काम अनेक गॅरेजांत सर्रास होतं, त्यामागे कारणही आहे. गाडी ४० मिमी खाली आली की शॉकची मोकळी चाल तेवढीच कमी होते, गाडी सतत बंप स्टॉपवर आपटते, मालक परत येतो, मग ठोकळा कापला जातो. आपटणं थांबतं. पण आता चाक कंपनीने कधी जाऊ दिलं नव्हतं तिथपर्यंत वर जातं: पुढे लायनर, मागे पट्टी आणि तिच्याही वरचा पत्रा. काही स्प्रिंगांसोबतच्या कागदात ठोकळा किती कापायचा ते लिहिलेलं असतं, तेव्हा तेवढाच कापायचा. या स्प्रिंगांच्या कागदात कापण्याचा उल्लेख नव्हता.

म्हणून क्रम असा लागला: आधी बंप स्टॉप, मग उंची, मग रिम, आणि टायरचं माप सगळ्यांत शेवटी. पहिल्या तीन गोष्टी नक्की झाल्याशिवाय टायर निवडणं म्हणजे नंतर पुन्हा टायर विकत घेणं. (स्प्रिंगचे वेटोळे कापलेली गाडी समोर आली तर मोजणीही करू नये. कापलेली स्प्रिंग चाक पूर्ण लोंबलं की बैठकीतून सुटते. आधी स्प्रिंगा बदलायच्या.)

मोजणी

सामान फार लागत नाही. सपाट फरशी, दोन जॅक आणि घोडे (गाडी टेकवायचे स्टँड), टेप, सरळ पट्टी, गवंड्याचा ओळंबा, मुलांची मातीकामाची क्ले, आणि चार झिप टाय.

हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं उभं अंतर पहिल्यांदा घेतलं. टायरचं माप किंवा हवा बदलली तरी हे अंतर बदलत नाही, म्हणून उंचीची तुलना जमिनीपासून न करता हबपासून करायची. पुढे ३३६ मिमी, मागे ३३१. मागच्या १७ इंची टायरची त्रिज्या ३०८, म्हणजे रिकाम्या गाडीत टायर आणि पट्टीत २३ मिमीची फट. मागे तीन माणसं बसली की मागचा भाग याहून जास्त दबतो. म्हणजे भरलेल्या गाडीत टायरचा माथा पट्टीच्या वर, आत गेलेला असतो. तेव्हा वरची फट निरर्थक. टायर पट्टीच्या किती आत आहे, एवढंच उरतं.

ते मोजायला चाक काढलं, पट्टीच्या आतल्या कडेवरून ओळंबा सोडला आणि ड्रमच्या पृष्ठभागापासून दोरीपर्यंतचं आडवं अंतर घेतलं. मागे ७२ मिमी, पुढे ७८. टायर मागे ७०.५ बाहेर येतो. उरले दीड मिमी. वळणावर टायर आणि बुश मिळून याच्या कितीतरी पट बाजूला झुकतात, त्यामुळे तो घासणारच होता. कमीत कमी ६, शक्यतो ८ मिमी सुटले पाहिजेत.

पूर्ण दाबाची तपासणी स्प्रिंग काढूनच होते. जॅकने गाडी डोलवून किंवा मागे चार पोरं बसवून चाक शेवटपर्यंत जात नाही. पोलोच्या मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा दांडा) आहे, स्प्रिंग आणि शॉक वेगवेगळे बसतात, त्यामुळे काम सोपं: गाडी घोड्यांवर, शॉकचा खालचा बोल्ट काढा, बीम खाली घ्या, स्प्रिंग बाहेर काढा, शॉक परत जोडा, चाक लावा आणि हबखाली जॅक देऊन बंप स्टॉप अर्धा दबेपर्यंत चाक वर उचला. आधी दोन्ही बाजू एकदम, मग एकच बाजू. ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, यावर एकाने नजर ठेवायची. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक एकाच जोडणीत) असल्याने स्प्रिंग काढायला चांगला कॉम्प्रेसर लागतो. तो नसेल तर हे काम घरी करू नये, दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो.

लायनरवर आणि स्ट्रटच्या अंगाला क्लेचे गोळे चिकटवून चाक वर नेलं, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवलं. कापलेल्या बंप स्टॉपवर पुढची क्ले पूर्ण चिरडली. नवे, न कापलेले बंप स्टॉप घातल्यावर त्याच १७ इंची चाकाला वर ९ मिमी जागा उरली. स्ट्रटच्या बाजूला ११ मिमी होती, ती पुरेशी. तिथे ५ च्या खाली जायचं नाही.

नव्या बंप स्टॉपने घासणं बरंच कमी झालं, पण एक जुनी अडचण परत पुढे आली. पुढच्या शॉकच्या दांड्यावर झिप टाय बांधून पाहिलं (शॉक दबला की तो सरकतो आणि तिथेच राहतो) तर चालक एकटा बसलेला असताना बंप स्टॉपपर्यंत मोकळी चाल फक्त १८ मिमी. माणसं भरली की जवळजवळ शून्य. ४० मिमीची स्प्रिंग या शॉकसोबत, या रस्त्यावर बसतच नव्हती. मालकाशी बोलून २५ मिमीच्या स्प्रिंगा घ्यायचं ठरलं. मोकळी चाल ३३ मिमी झाली, हब ते फेंडर पुढे ३५१, मागे ३४६.

गतिरोधक

या निर्णयात गतिरोधकांचा वाटा मोठा होता. पोलोचा मूळ ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून पोटापर्यंतची उंची) १६५ मिमीच्या आसपास. ४० मिमी खाली गेल्यावर १२५, २५ वर १४०.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मार्गदर्शिकेतला गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद, मध्यभागी १० सेंटिमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येचा असतो. पोलोचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) सुमारे २.४६ मीटर. म्हणजे दोन्ही आस गतिरोधकावरच असतात, आणि दोन चाकांच्या मधोमध रस्ता चाकांच्या रेषेपेक्षा फक्त ४५ मिमी वर येतो. असा गतिरोधक १२५ मिमीची गाडीही विनातक्रार ओलांडते. आपल्याकडे गावोगावी, शाळेसमोर, देवळासमोर लोकांनी सिमेंट-डांबराचे जे ढीग घातले आहेत ते हातभर रुंद आणि १० ते १५ सेंटिमीटर उंच. तिथे पुढचं चाक उतरून गेलेलं असतं, मागचं यायचं असतं आणि ढिगाची पूर्ण उंची पोटाखाली येते. १२५ मध्ये १०० गेले, २५ उरले, आणि पुढचं चाक उतरताना स्प्रिंग दबते ती तेवढी सहज खाते. पोलोचं ऑइल चेंबर तिथेच आहे.

टायरशी याचा संबंध थेट आहे: व्यास जितका कमी, त्याच्या निम्म्याने गाडीचं पोट खाली येतं. २०५/४५ आर१६ हे रुबाबदार माप अनेकजण सुचवतात. त्याचा व्यास ५९१, म्हणजे मूळपेक्षा ६ मिमी क्लिअरन्स कमी. खाली बसवलेल्या गाडीत ६ मिमी फुकट घालवण्याइतके स्वस्त नसतात.

१७ का सोडलं

मालकाला १७ इंच ठेवायचं होतं, त्यामुळे त्याच रिमवरचे पर्याय आधी प्रामाणिकपणे तपासले. २०५/४० आर१७: त्रिज्या १० मिमीने घटते, पण साइडवॉल ८२ आणि बाहेर ७१, पट्टीशी भांडण तसंच. १९५/४५ आर१७: ७.५ इंची रिम ही त्याच्या मर्यादेचं वरचं टोक, टायर रिमवर ताणून बसतो, बाहेर साधारण ६७.५ येतो, पण रिमची कड उघडी पडते आणि साइडवॉल ८८ च. शिवाय हे माप सहज मिळत नाही. घाटात एक टायर फाटला तर दुसरा येईपर्यंत गाडी उभी.

फेंडरची पट्टी आत दुमडून घ्यायचा पर्यायही होता. हीट गनने रंग तापवून पट्टी दुमडली तर आठेक मिमी मिळतात आणि हिशोबाने ते पुरले असते. तरी तो नाकारला. पट्टीत बाहेरचा आणि आतला पत्रा एकत्र येतो, मध्ये सीलर असतो. दुमडताना तो तडकतो, बाहेरून काही दिसत नाही, आणि कास-ठोसेघर बाजूच्या पावसात तिथे लाल चिखल भरून राहतो. दोन-तीन पावसाळ्यांत आतून गंज. रिम बदलता येत असेल तर पत्र्याला हात लावू नये.

निर्णायक गोष्ट साइडवॉल होती. फुगा आलेला टायर ९२ मिमी साइडवॉलचा होता आणि गाडी कडक लागते म्हणून त्यात २८ पीएसआय हवा ठेवली जात होती. खड्ड्याच्या कडेला टायर इतका दबतो की साइडवॉल रिम आणि रस्ता यांच्यात चिमटली जाते, आतले धागे तुटतात, हवा त्या जागेतून बाहेर ढकलते. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. एक्सएल टायरबद्दल गैरसमज आहे की तो मजबूत आहे म्हणून कमी हवेवर चालतो. उलट आहे: ८८ एक्सएलची ५६० किलोची क्षमता ४२ पीएसआयला मोजलेली असते. हवा कमी केली की ती क्षमताही कमी होते.

१६ इंचात काय बसलं

रिम ठरली १६ इंच, ६.५ इंच रुंद, ऑफसेट ३८. रिमची बाहेरची कड मूळपेक्षा ८ मिमी बाहेर येते. १७ इंची रिमची २४ मिमी येत होती. दिसायला चाक फेंडरला भरून असतं, पण पट्टीच्या आत राहतं. मग या रिमवर चार मापं तोलली.

१९५/५५ आर१६ सगळ्यांत सहज मिळतो, पोलोच्याच काही जीटी गाड्यांना कंपनीने दिलेला आहे, साइडवॉल १०७ ची. पण व्यास ६२१, त्रिज्या १७ इंची टायरपेक्षाही दोन मिमी मोठी. पुढे लायनरखाली ९ च्या जागी ७ मिमी उरले असते, तेही चिखल न धरता. उंची मूळची असेल तर डोळे झाकून हा घ्यावा. शॉक वारंवार शेवटपर्यंत जाणाऱ्या गाडीत नको.

१८५/५५ आर१६ भूमितीत फार सुरेख बसत होता: व्यास ६१०, साइडवॉल १०२, बाहेर ६१.५. अडचण लोड इंडेक्सची, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणाऱ्या आकड्याची. या मापात बहुतेक टायर ८३, म्हणजे ४८७ किलो. कंपनीचा ८४, ५०० किलो. फरक एका टायरमागे १३ किलोचाच, पण लोड इंडेक्स कंपनीच्या खाली न्यायचा नाही, ही रेषा पाच माणसं आणि सामान घेऊन घाट उतरणाऱ्या गाडीत तरी ओलांडू नये.

२०५/५० आर१६ चा लोड इंडेक्स ८७, साइडवॉल १०२, पण ६.५ इंची रिमवर तो २१४ भरतो. बाहेर ६९, उरले ३ मिमी. शिवाय ऊस हंगामात ट्रॉल्यांनी दाबलेल्या चाकोऱ्यांत रुंद टायर स्टिअरिंग ओढतो.

उरला १९५/५० आर१६ ८४व्ही. व्यास ६०१, मूळच्या जवळजवळ बरोबर, त्यामुळे स्पीडोमीटरला धक्का नाही. साइडवॉल ९७.५, १११ पेक्षा कमीच, पण ९२ पेक्षा बरी. ६ इंचीवर २०१, म्हणजे ६.५ वर २०६: बाहेर ६५, पट्टीपासून ७ मिमी मोकळे. आत १४१, स्ट्रटपासून साडेदहा. लायनरखाली १६. लोड इंडेक्स मूळचाच असल्याने हवेची सुरुवात गाडीवरच्या स्टिकरच्या आकड्यापासून. गाडी भरल्यावर भरलेल्या गाडीचा आकडा, थंड टायरवर. हे माप दुकानात १९५/५५ इतकं सहज नसतं, मागवावं लागतं. आल्यावर साइडवॉलवरचा चार अंकी तारखेचा शिक्का बघायचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. कमी खपाच्या मापात जुना माल निघायची शक्यता जास्त.

बसवताना

स्टिअरिंगच्या थरथरण्याचं कारण टायर नव्हतंच. पोलोच्या हबची मधली गोलाई ५७.१ मिमी, १७ इंची रिमचं भोक ७३.१. ही फट भरणारी रिंग दोन चाकांना नव्हती, त्यामुळे चाक बोल्टच्या भरवशावर मध्यात बसत होतं, म्हणजे बसत नव्हतं. नव्या रिमला चारही रिंगा ॲल्युमिनियमच्या घातल्या. बसवण्याआधी हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढला; गंजाचा पापुद्रा राहिला तरी चाक तिरकं बसतं.

पोलोला नट नाहीत, बोल्ट आहेत: एम१४×१.५, पाच बोल्ट, १०० मिमीच्या वर्तुळावर. कंपनीच्या बोल्टचा माथा खालून गोलसर, बाहेरच्या बहुतेक अलॉयला ६० अंशांचा शंकूसारखा लागतो. गोल माथा शंकूच्या खाचेत घातला तर तो फक्त एका रेषेवर टेकतो, घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि चालताना सैल होतो. नवे शंकू-माथ्याचे बोल्ट घेताना लांबी पाहिली: हातानेच कमीत कमी सात-आठ फेरे आत गेले पाहिजेत, पण इतके लांब नकोत की मागच्या ड्रमच्या आतल्या भागांना लागतील. बोल्ट लावून मागचं चाक हाताने फिरवायचं, खरखर ऐकू आली तर थांबायचं. एकाआड एक बोल्ट घेत १२० न्यूटन-मीटरला टॉर्क पान्याने आवळले, न्यूमॅटिक गनने नाही. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासले.

अलाइनमेंट लगेच केली आणि स्प्रिंगा बसल्यावर, साधारण ५०० किलोमीटरनंतर, पुन्हा. गाडी खाली आली की पुढे कॅम्बर (चाकाचा उभा कल) थोडा आत झुकतो आणि टो (चाकं सरळ रेषेपासून आत-बाहेर किती वळलीत ते) बिघडतो. लोक दोष कॅम्बरला देतात, पण आतली कड खाणारा मुख्य गुन्हेगार टो असतो, आणि सुदैवाने तोच सहज दुरुस्त होतो. मागचा टॉर्शन बीम जुळवता येत नाही, फक्त मोजून कागद ठेवायचा.

कायद्याची बाजू मालकाला आधीच सांगितली होती. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या तपशिलापासून दूर जाणारे बदल रोखतं आणि कलम १८२अ च्या चौथ्या पोटकलमात प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. विमा कंपनीला स्प्रिंगा आणि रिम लेखी कळवल्या, बिलं जोडली. न कळवलेला बदल दाव्याच्या वेळीच बाहेर येतो.

नंतर

तपासणीची फेरी पाच माणसं बसवून घेतली: यवतेश्वर घाट, कासपर्यंत आणि परत. मागच्या पट्टीच्या आत खडूची जाड रेघ ओढून ठेवली होती; ती तशीच राहिली. पुढच्या लायनरवरची क्ले उजव्या बाजूला किंचित खरवडली होती. ती टायरने नव्हे, तर लायनरचा एक स्क्रू तुटून प्लॅस्टिक खाली लोंबल्याने. नवा स्क्रू लावला. झिप टाय सांगत होता की शॉक बंप स्टॉपला लागला, पण तो चिरडला नाही. ८५ ते ९५ ची थरथर गेली.

एक गोष्ट अशा गाडीत हमखास विसरली जाते, ती स्टेपनी. या गाडीतली स्टेपनी पोलादी रिमवरची १७५/७० आर१४, व्यास ६०१. नव्या टायरशी तो बरोबर जुळतो, म्हणून ती बदलायची गरज पडली नाही. पण पोलादी रिमला कंपनीचे गोल माथ्याचे बोल्ट लागतात. अलॉयचे शंकू-माथ्याचे तिथे चालत नाहीत. मूळचे पाच बोल्ट पिशवीत घालून स्टेपनीच्या खळग्यात ठेवले, सोबत अलॉयच्या खोल भोकात जाणारा पातळ सॉकेट, आणि पिशवीवर मार्करने लिहिलं: स्टेपनीसाठी, १२० न्यूटन-मीटर.